वारा कुठून होता?

३ जानेवारी

पुस्तक बाहेर पडून आज महिना झाला. नऊ वर्षांचं काम, पाचशे अठ्ठ्याऐंशी पानं. लेकीने आज वाचकांचे अभिप्राय फोनवर पाठवले, एकूण सात. तिच्या मते मी खूश व्हायला हवं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मी उगाच चिडलो.

एकाने लिहिलंय, मुखपृष्ठावर उंट आहे पण आत एकही उंट नाही, फसवणूक झाली. (उंट प्रकाशकाचा. मी हात जोडून सांगितलं होतं की या युद्धात उंट नव्हता. तो म्हणाला, वाळवंट म्हटलं की उंट लागतो.) दुसऱ्याने लिहिलंय, शेवट आधीच माहीत होता, त्यामुळे मजा गेली. युद्धाचा शेवट! तो काय मी बदलायचा होता? तिसरीने पुस्तक वडिलांना भेट दिलं, वडिलांनी अजून उघडलेलं नाही, म्हणून पाच तारे. चौथ्याशी कुरियरवाला उद्धटपणे बोलला, म्हणून मला एक तारा. उरलेल्या तिघांना ‘अकरा गाड्या’ हे प्रकरण आवडलं. ते सगळ्यांनाच आवडतं.

ही म्हणाली, “अहो, लोकांनी उघडलं तरी. रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं फायली लावल्यात, त्या कोणी उघडल्या का?”

सकाळी दूध आणायला निघालो तर फाटक पुन्हा अडलेलं. भाऊजींचा टेम्पो. काल तोंड रस्त्याकडे होतं, परवा घराकडे, आज सरळ आडवा. वीस वर्षं सांगतोय की गाडी एकाच पद्धतीने लावा. “बरं,” म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आज मी टेम्पोच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरून गेलो आणि सदऱ्याला ग्रीस लागलं.

७ जानेवारी

वाचनालयात जाऊन आलो. फोनवरच्या ताऱ्यांपेक्षा मला तिथले वाचक खरे वाटतात. ग्रंथपालबाईंनी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघांचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर वाचून झाल्यावर दोन ओळी लिहायच्या, नाव घालायचं किंवा नाही घालायचं. माझ्या पुस्तकाचा कागद अजून कोरा आहे. बाई म्हणाल्या, “जाड पुस्तकाला वेळ लागतो हो.” दर शनिवारी येऊन बघायचं ठरवलं आहे. घरी सगळ्यांना सांगितलंही.

सगळे म्हणजे ही आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. ताई गेल्यापासून सहा वर्षं खालच्या दोन खोल्यांत राहतात, गल्लीच्या टोकाला त्यांचं वीस वर्षांपासून रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे, टेम्पो तेव्हापासून आमच्याच दारात. रात्रीचं जेवण आमच्याबरोबर, सकाळी सातचा चहा आमच्याबरोबर. तरुणपणी ते त्याच युद्धात होते, गाड्यांच्या दुरुस्तीवर, म्हणजे तळावरच असणार. ताईने मला लग्नानंतर लगेच बजावलं होतं, “त्यांना ते कधी विचारायचं नाही.” मी कधी विचारलं नाही. आणि मला खरं तर गरजही पडली नाही, मी दोन सेनापतींच्या आठवणी वाचल्या आणि चौदा अधिकाऱ्यांना भेटलो.

पण त्यांना विसरलो असंही नाही. ऋणनिर्देशात सेहेचाळीस नावांनंतर लिहिलं आहे: ‘आमचे भाऊजी, ज्यांनी लेखनाच्या काळात टेबलफॅन दोनदा दुरुस्त करून दिला.’ प्रत सही करून दिली. तेव्हापासून गडी सकाळच्या चहाला वर आलेला नाही. पोट बरं नाही म्हणतात. वाचून दोन शब्द तरी बोलावेत माणसाने, घरच्या माणसाचा एवढाही हक्क नसतो का?

१४ जानेवारी

कागदावर पहिला अभिप्राय आला. पेन्सिलीने, मोठ्या मोठ्या अक्षरांत:

‘पान २१४. वारा कुठून होता?’

एवढंच. नाव नाही, आवडलं-नावडलं नाही.

पान २१४ म्हणजे ‘अकरा गाड्या’चं शेवटचं पान. युद्धाचा सातवा दिवस. वाळवंटातल्या एका ठाण्यावर बासष्ट जण, पाणी आदल्या दिवशीच संपलेलं. पश्चिमेच्या तळावरून अकरा गाड्यांचा ताफा पाणी घेऊन पूर्वेला ठाण्याकडे निघाला. दुपारी तीन चाळीसला टेहळणीच्या विमानातून तो दिसला, गाड्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे परतीच्या वाटेला. संध्याकाळी सात वाजता बासष्ट जण ठाणं सोडून पायी निघाले. त्यातले नऊ वाचले. तळाच्या वहीत त्या खेपेपुढे शेरा आहे, ‘पावती नाही, पाणी परत’. विमानाची नोंद आणि तळाची वही, हे दोन कागद शोधायला मला चार वर्षं लागली. प्रकरणाचं शेवटचं वाक्य मी सतरा वेळा लिहिलं: ‘अकरा गाड्यांनी तोंड फिरवलं आणि बासष्ट जणांचं नशीब तिथेच ठरलं.’

यात वाऱ्याचा संबंध काय? मी काय हवामानाचा अंदाज लिहितोय? गंमत म्हणजे वाऱ्याचा तक्ता मी केला होता, युद्धाच्या एकोणीस दिवसांचा, दर दोन तासांचा, वेधशाळेच्या जुन्या नोंदींवरून. परिशिष्ट तीन. प्रकाशकाने पाचही परिशिष्टं कापली, पानं वाढतात म्हणून, आणि उंट मात्र रंगीत छापला.

१७ जानेवारी

प्रकाशकाचा फोन. पहिली आवृत्ती संपत आली, दुसरी काढायची. “दुरुस्त्या असतील तर वीस फेब्रुवारीच्या आत द्या,” म्हणाला. “आणि हो, ‘अकरा गाड्या’ साप्ताहिकात छापायला देतोय. जाहिरातच आहे ती.”

संध्याकाळभर पाय जमिनीवर नव्हते. जेवताना ही बातमी सांगितली. ही हसली. भाऊजींनी ताट उचललं आणि धुवायला घेऊन गेले, अर्धी भाकरी तशीच. ही म्हणाली, “भाऊजी, टाकू नका, ठेवा मी सकाळी खाईन.” तरी त्यांनी टाकली. पोटाचं काहीतरी बघायला हवं त्यांच्या.

२१ जानेवारी

कागदावर नवीन काही नाही. फक्त तो प्रश्न पुन्हा गिरवलेला दिसला. मला तिडीक गेली. खिशातलं पेन काढून खाली शाईने लिहिलं: ‘शंका काढण्याआधी पुस्तक नीट वाचावे. — लेखक.’ ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

२८ जानेवारी

खाली उत्तर आलं आहे. तीच पेन्सिल.

‘नीट वाचले. तीन वेळा. वारा कुठून होता?’

सहाशे पानांचा ग्रंथ कोणी महिन्यात तीनदा वाचत नाही. हा माणूस माझी खोड काढतोय. कोण, तेही मला कळलं आहे. मेजरसाहेब! त्यांनी साप्ताहिकात माझ्या पुस्तकावर लिहिलं होतं, ‘तळटीपा भरपूर, युद्ध बेताचे’. निवृत्त माणूस, वेळ जाता जात नाही, वाचनालयात येऊन पेन्सिल चालवतो. सैन्यात काढलेल्यांना वाटतं की युद्धावर लिहायचा मक्ता यांचाच. आम्ही कागदांतून शोधलेलं ते सगळं खोटं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “मेजर कशाला एवढी खटपट करतील? त्यांना पेपर आहे ना लिहायला.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “हल्ली गुरुवारी दुकान बंद असतं तेव्हा भाऊजी कुठे जातात, तुम्हाला ठाऊक आहे का?” मी इथे काय बोलतोय आणि हिचं काय चाललंय. असतील गेले दाताच्या डॉक्टरकडे.

२ फेब्रुवारी

साप्ताहिकात ‘अकरा गाड्या’ छापून आलं. सोबत चित्र: वाळवंट, ट्रक, आणि मागे उंट. मी कपाळाला हात लावला. पण फोन खूप आले. एक बाई म्हणाल्या, त्या पळपुट्या ड्रायव्हरांची नावं द्यायला हवी होती तुम्ही. मी म्हटलं, नावं कागदात नाहीत. त्या म्हणाल्या, “सुटले म्हणजे.”

अंक खाली भाऊजींना द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. ते खाटेवर बसून नुसते समोर बघत होते, पंखा बंद. मी म्हटलं, “लोकांना फार आवडलंय.” त्यांनी अंक घेतला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. म्हणाले, “तू तेव्हा किती वर्षांचा होतास?” म्हटलं, “तेरा.” “हं,” म्हणाले. मी पाच मिनिटं उभा राहिलो, पुढे काही नाही. या घरात माझ्या पुस्तकाबद्दल जो तो मूग गिळून बसला आहे.

९ फेब्रुवारी

अंगाचा तिळपापड झालाय, तरी क्रमाने लिहितो.

साप्ताहिकाच्या संपादकाकडे एक पोस्टकार्ड आलं, त्यांनी ते मला पाठवलं. पेन्सिल. ‘लेखकास विचारावे, वारा कुठून होता?’ म्हणजे आता हे वाचनालयाच्या भिंतीबाहेर गेलं. चार लोकांत माझं हसं करायचं ठरलेलं दिसतंय.

मी दोन पत्रं लिहिली. एक मेजरसाहेबांना: आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांनी निनावी पेन्सिलीआडून बोलावं हे शोभत नाही, हिंमत असेल तर नावानिशी या. दुसरं प्रकाशकाला: दुसऱ्या आवृत्तीत एकही अक्षर बदलायचं नाही, तारखेची वाट न पाहता छपाईला घ्या. दोन्ही आजच टाकली. हिने विचारलं, “वाचून दाखवता?” म्हटलं, “गरज नाही.”

१८ फेब्रुवारी

मेजरसाहेबांचं उत्तर. टाईप केलेलं, खाली सही. इथे पूर्ण उतरवतो, कारण माझी तीच शिक्षा आहे.

‘आपले पत्र मिळाले. मी पेन्सिल वापरत नाही आणि त्या वाचनालयात माझे नावही नाही. परंतु प्रश्न उत्तम आहे. मला सुचला नाही, कारण मी डोंगरात होतो. वाळवंटात गाडी चालवलेल्या माणसालाच तो सुचेल. जोराचा वारा पाठीमागून असला की गाडी आणि वारा एकाच दिशेने जातात, रेडिएटरला हवा लागत नाही आणि पाणी उकळते. मग ताफा थांबवून गाड्या वळवतात, तोंड वाऱ्याकडे करतात, बॉनेट उघडतात आणि इंजिन गार होईपर्यंत उभे राहतात. वरून पाहणाऱ्याला त्या परत चालल्यासारख्या दिसतील. अशा लोकांना नंतर सवयच लागते. माझ्याकडचा जुना चालक अखेरपर्यंत बंगल्यासमोर गाडी वाऱ्याकडे तोंड करूनच लावत असे. आपल्या ओळखीत असा कोणी असल्यास त्याला विचारावे.’

पत्र हातात घेऊन मी खिडकीत गेलो. खाली टेम्पो उभा होता, फाटक अडवून, तिरका. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते आणि सगळे रस्त्याच्या कोपऱ्याकडून घराकडे उडत होते. म्हणजे वारा रस्त्याच्या कोपऱ्यावरून येत होता, आणि टेम्पोचं तोंड त्याच कोपऱ्याकडे होतं.

वीस वर्षं.

मग मी विमानाच्या नोंदीची नक्कल काढली. नोंद अशी आहे: ‘१५.४०. अकरा गाड्या, उभ्या, तोंडे पश्चिमेस.’ उभ्या. माझ्या पुस्तकात ‘उभ्या’ नाही. मला आठवतंय, मीच तो शब्द गाळला. वाक्यात अडत होता. जीव घेऊन पळणारे लोक भर दुपारी मोकळ्यावर उभे कशाला राहतील, हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही. तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्यांच्या नकला तपासल्या, एक शब्द गळला तर कारकुनाला परत पाठवलं. लाज वाटते.

हिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “पेन्सिल आपल्याच घरातली आहे हो. मागच्या महिन्यात भाऊजींनी माझ्याकडून मागून नेली.”

“मग तू सांगितलं का नाहीस?”

“मी गुरुवारचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात दाताचा डॉक्टर.”

१९ फेब्रुवारी

सकाळी आधी प्रकाशकाला फोन. मी म्हटलं, पान २१४ थांबवा. तो म्हणाला, “काय थांबवू? तुम्हीच लिहिलंत तारखेची वाट पाहू नका. छापून झालं, बांधणीला गेलं. अकराशे प्रती.” मी म्हटलं, ते वाक्य चुकीचं आहे. तो म्हणाला, “अहो, लोकांना तेच वाक्य पाठ आहे!” फोन आपटला. मी आपटला, त्याने नाही.

मग दुकानात गेलो. एवढ्या वर्षांत मी तिथे चार-पाचदा गेलो असेन, तेही टेबलफॅन घेऊन. भाऊजी एक रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून नळीने हवा सोडत होते. कुठून बुडबुडे येतात ते बघायचं, तिथे अंगठा ठेवायचा, बाहेर काढून डाख देऊन भोक बुजवायचं. अंगठा तसाच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, “भाऊजी, मला माफ करा. गाड्या पळत नव्हत्या. मी चुकीचं लिहिलं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मेजरसाहेबांनी. आणि तुमच्या टेम्पोने.”

त्यांना हसू आलं असावं, पण ते तोंडापर्यंत आलं नाही. रेडिएटर बाहेर काढून त्यांनी फळीवर ठेवला, हात पुसले. म्हणाले, “पळपुटे म्हणालास ते राहू दे. त्याचं मला काही नाही. वारा कुठून होता, ते सांग.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हटलं, “म्हणजे? तुम्हाला ठाऊकच आहे ना. मला दाखवून द्यायला विचारलंत ना तुम्ही?”

“दाखवायला कशाला विचारू? मला ठाऊक नाही म्हणून विचारलं.” ते स्टुलावर बसले. “ताफ्यात पाण्याच्या दहा गाड्या. अकरावी माझी, दुरुस्तीची. तीन गाड्या आधीच उकळल्या होत्या. हवालदार मला म्हणाला, मिस्त्री, निघू का? मी म्हटलं, नाही. वळवा, तोंड वाऱ्याकडे करा. दोन तास उभं केलं मी सगळ्यांना.”

“पण गाड्यांत पाणी होतं की. रेडिएटरमध्ये ओतता आलं असतं.”

“ते प्यायचं पाणी. ठाण्याचं. त्याला हात लावायचा नाही, हेही मीच म्हटलं.” मग म्हणाले, “साडेआठला पोचलो. ठाण्यावर पावती द्यायला कोणी नव्हतं. पावतीशिवाय उतरवायचं नाही असा नियम. भरलेल्या गाड्या परत आणल्या.”

मी हिशेब केला आणि केला नसता तर बरं झालं असतं. साडेआठातून दोन तास गेले की साडेसहा. ते लोक सातला निघाले. भाऊजींनी तो हिशेब किती वेळा केला असेल कोण जाणे. ताई काय विचारू नको म्हणत होती ते मला आज कळलं.

“पुढून तोफा ऐकू येत होत्या,” भाऊजी म्हणाले. “मी वाऱ्यामुळे थांबवलं की तोफांमुळे, हे मला आता सांगता येत नाही. आधी येत होतं. वारा मागून होता, मला पक्कं आठवायचं, मानेवर लागत होता. मग तुझं पुस्तक वाचलं. तोंड फिरवलं, असं लिहिलंय. छापलेलं. तीनदा वाचलं. तेव्हापासून वारा आठवेनासाच झाला.”

“मला घरात का नाही विचारलंत?”

“तू मला मुलाखतीला बसवलं असतंस,” ते म्हणाले. “मला फक्त वारा हवा होता. म्हटलं, एवढी नऊ वर्षं शोधलंय यानं, याच्याकडे असेल.”

होता. माझ्याकडेच होता. मी दुकानातून अक्षरशः धावत निघालो, या वयात, चप्पल एकदा निसटली. जिना चढलो, फायलींच्या कपाटातून परिशिष्ट तीन काढलं, तसाच परत. ही मागून विचारत होती काय झालं, तिला हातानेच थांब म्हटलं.

दम लागला होता म्हणून मी हौदाच्या कठड्यावर बसून वाचलं. “सातवा दिवस. दुपारी दोन: पश्चिम, जोराचा. चार: पश्चिम, जोराचा. सहा: पश्चिम, मध्यम. रात्री आठ: शांत.”

“पुन्हा वाच.”

पुन्हा वाचलं.

“पश्चिमेचा,” ते म्हणाले. “आणि आम्ही पूर्वेला चाललो होतो.”

“हो. मागून होता, भाऊजी. वेधशाळेची नोंद आहे. तुम्ही थांबवलं नसतंत तर एकही गाडी पोचली नसती.”

त्यांनी हात पुढे केला. मी तक्ता दिला. चष्मा कपाळावर चढवून कागद अगदी डोळ्यांजवळ धरला, ती ओळ सापडली तिथे अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसेच बसले. रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आलं, “झालं का माझं?” म्हणालं. भाऊजींनी मान न उचलता सांगितलं, “उद्या या.” माझे डोळे भरून आले होते, मी हौदात बघत बसलो.

२३ फेब्रुवारी

प्रकाशकाशी चार दिवस भांडून एवढं पदरात पडलं: पान २१४वर हाताने एक चिठ्ठी चिकटवायची. छपाई त्याची, चिकटवायचं काम माझं. मजकूर: ‘या पानावरील शेवटचे विधान चुकीचे आहे. ताफ्यातील गाड्या पळाल्या नाहीत. इंजिने गार करण्यासाठी त्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि रात्री साडेआठला ठाण्यावर पोचल्या. — लेखक.’

“आधार काय लिहू?” त्याने विचारलं. म्हटलं, आमचे भाऊजी. तो म्हणाला, “तळटीपेत भाऊजी लिहू?” शेवटी ‘ताफ्यातील मिस्त्री’ असं घातलं. भाऊजी नाव घालू देत नाहीत. वाऱ्याचा तक्ता मात्र तो छापायला तयार नाही, चिठ्ठीत मावत नाही म्हणतो. उंटाला जागा होती.

४ मार्च

तीन दिवस प्रकाशकाच्या गोदामात खुर्ची टाकून मी आणि ही चिठ्ठ्या चिकटवतोय. सातशे झाल्या, चारशे बाकी. बोटांची कातडी ताणली आहे. भाऊजींना विचारलं होतं. म्हणाले, “ते तुझं काम.” खरं आहे.

पण ज्यांनी पहिली आवृत्ती घेतली, ज्यांनी साप्ताहिक वाचलं, त्यांच्या घरी जाऊन मी काय चिकटवणार? त्या फोनवरच्या बाईंचा नंबरही माझ्याकडे नाही. साप्ताहिकाने माझा खुलासा छापला, राशिभविष्याच्या खाली, सहा ओळी.

२४ मार्च

लेकीने नवे अभिप्राय पाठवले. ‘पान २१४वर कसलातरी कागद चिकटवला आहे, त्याने पुस्तक नीट मिटत नाही. दोन तारे.’ ‘सगळ्यात चांगल्या प्रकरणाची लेखकाने स्वतःच वाट लावली.’ ‘चिठ्ठी काढून टाकली, मूळ वाक्य छान आहे.’

हा तिसरा मला जेवताना आठवत राहिला.

२५ मार्च

शनिवार. मध्ये तीन शनिवार गेलो नव्हतो. मागे जाऊन त्या पेन्सिलीच्या प्रश्नाखाली मी लिहून आलो होतो: ‘पश्चिमेचा. पाठीमागून. चूक माझी. — लेखक.’ आज ग्रंथपालबाईंनी पुस्तक स्वतःच काढून दिलं. खाली पेन्सिलीत लिहिलेलं होतं:

‘वाऱ्याचा तक्ता छापायला हवा होता. बाकी ठीक.’

मी ते दोनदा वाचलं आणि पुस्तक बाईंना परत केलं.

सकाळी भाऊजी चहाला वर आले होते. साखर कमी आहे म्हणाले. दूध आणायला निघालो तर फाटक अडलेलं होतं, टेम्पो पार आडवा. मी भिंतीच्या कडेने अंग चोरून गेलो. आज वारा दक्षिणेचा होता.